मागच्या बाकावरून दिसणारा कान

मी मान हलवली आणि "हो, नक्की" म्हणालो. घडलं ते एवढंच. उपासना संपून लोक देवळाच्या फाटकातून बाहेर पडत होते, तेवढ्यात शिवणकाम करणारी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्या कोटाची बाही कोपराजवळ चिमटीत धरली, दुकानात कापड बघतात तशी, आणि ती बोलू लागली. तिचे ओठ हलत होते, मधे एकदा तिनं खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मी चेहऱ्यावर तो माझा ठरलेला भाव आणला, थोडा वाकलो, आणि ती थांबली तिथे मान हलवली. "हो, नक्की. प्रार्थना करतो," असं म्हणालो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत फाटकापाशी कुणी बाही धरली तर ती प्रार्थनेसाठीच धरलेली असते. दुसरं काही मागायची रीत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाच्या एका कडेला काहीतरी हललं, ते हसू होतं की दुसरं काही हे मी अजूनही सांगू शकणार नाही. मग तिनं बाही सोडली, चिमटीनं पडलेली सुरकुती हाताच्या पंजानं सपाट केली, आणि गेली. ती कोपऱ्यावर वळली तेव्हा मी किल्लीसाठी खिशात हात घातला, आणि बोटांना ते लागलं. गार, गुळगुळीत, शेंगदाण्याएवढं. माझं कानातलं.

कानातलं हा शब्द माझ्या धाकट्या बहिणीचा. आम्ही दोघं एका घरात राहतो. ती विधवा, मी लग्नच न केलेला. डॉक्टरांनी ते यंत्र दिलं त्या दिवशी ती म्हणाली होती, दादा, आयुष्यात कुणासाठी कानातलं घेतलं नाहीस, शेवटी स्वतःसाठीच घ्यावं लागलं. तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं. माझा उजवा कान केव्हाच गेला. डाव्यात ते यंत्र असलं की जग येतं, पण ते वाटेल तसं येतं. देवळात तर सगळं एकदम अंगावर येतं: पंख्याची कुरकुर, कुणाच्या तरी पिशवीचा प्लास्टिकचा आवाज, मागच्या कुणाचा घसा, बाक सरकवल्याचा कर्कश ओरखडा, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी पाळकांचा संदेश. आज पाळक म्हणाले होते, "जे जे आपलं लक्ष विचलित करतं ते ते आज बाजूला काढून ठेवा." मला ते वाक्य फार पटलं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. मी हळूच हात वर नेला, कानातलं काढलं, रुमालात पुसलं आणि खिशात ठेवलं. लगेच सगळं शांत झालं. पाण्याखाली गेल्यासारखं. त्या शांततेत मी मघाचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत बसलो आणि मला, खोटं कशाला सांगू, देव जवळ आल्यासारखं वाटलं. पुढचा सगळा संदेश मी असाच बसून होतो. गायन झालं तेव्हा पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत ओठ हलवले. आशीर्वादाला सगळ्यांचं बघून उभा राहिलो. त्यानंतर कानातलं परत घालायचं राहून गेलं, आणि ते राहिल्याचं मला कळलंही नाही, कारण मी फार प्रसन्न होतो.

कानातलं घालून घरी आलो तर धाकटी खुर्चीत पाय वर घेऊन गुडघ्याला शेकत होती. गुडघ्यामुळे ती हल्ली देवळात येत नाही, पण तिथलं सगळं तिला हवं असतं. मी बूट काढायच्या आत सांगून टाकलं. सांगायला नको होतं असं सांगता सांगताच वाटलं.

"म्हणजे ती बोलली आणि तुला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही."

"आणि तू हो म्हणालास."

"नक्की म्हणालो."

"वा! म्हणजे तिनं तुला लग्नाचं विचारलं असेल तरी तू आता अडकलास."

"तिला नवरा आहे."

"आहे, पण कसा आहे ते तुला माहीत आहे का?" तिनं शेकायची पिशवी उलटी केली. "दादा, उठ आणि जाऊन विचार. त्यात काय एवढं?"

"काय विचारू? तुम्ही बोलत होता तेव्हा मी तिथे नव्हतो, असं म्हणू?"

"तसंच म्हण. खरं आहे ना ते?"

"सोमवारी फोन करू?"

"फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, तिचं काय येणार! आणि ती सोमवारपर्यंत कशाच्या भरवशावर बसलेली असेल, देव जाणे. जेव आणि जा."

मी जेवलो, पण गेलो नाही. माझ्या खोलीत खिडकीपाशी बसलो आणि आठवडाभर वाचत होतो ते पुस्तक उघडलं. मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो, म्हणजे छापण्याआधीच्या कागदावरच्या चुका काढणारा, आणि त्या कामानं मला एक सवय लावली आहे जी निवृत्तीनंतरही सुटली नाही: अर्थ कळू न देता वाचायचं. अर्थ कळला की चूक दिसत नाही. डोळा पुढे पळतो, त्याला शब्द पुरा वाटतो आणि गळलेली वेलांटी निसटते. म्हणून एकट्यानं तपासताना आम्ही ओळ उलट्या दिशेनं वाचत असू, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. काचेच्या खोलीत माझ्यासमोर एक सोबती बसे, तो मूळ मजकूर मोठ्यानं वाची, विरामचिन्हांसकट, एका सुरात, आणि मी छापील कागदावर पेन्सिल फिरवी. त्याच्या तोंडून मी किती मृत्यू, किती निवडणुका, किती कविता ऐकल्या असतील. माझ्यापर्यंत पोचले ते फक्त स्वल्पविराम. मला ती खोली फार आवडे. बाहेर छपाईची यंत्रं धडधडत, काच थरथरे, आत फक्त तो एक सूर. मला वाटतं मी देवाची कल्पनाही तशीच केली असावी, काचेच्या आत बसलेला, आणि आपण त्याच्यापुढे बसून एका सुरात वाचत जायचं. हे आत्ता सुचलं, खरं आहे की नुसतं वाक्य म्हणून बरं वाटतंय ते ठरवता येत नाही. पुस्तकाचं पान मी तीनदा वाचलं आणि तीनदा मला त्यात तिचे हलणारे ओठ दिसले.

काय म्हणाली असेल? मी ओठ आठवून शब्द बसवायचा प्रयत्न केला. ओठांवरून वाचायची विद्या मला नाही; डॉक्टरांनी शिकायला सांगितलं होतं, मी त्यावर एक चांगलं पुस्तक आणून वाचलं, एवढंच. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, हे मला अर्थातच माहीत होतं. दर रविवारी व्यासपीठावरून त्याच्यासाठी प्रार्थना होते. "आमच्या आजारी बंधूला तुझ्या कृपेनं बरं कर." आधी हे वाक्य "तुझ्या कृपेनं आमच्या आजारी बंधूला" असं होतं, कृपा आधी आल्यानं ती आजाराला चिकटते असं मला वाटलं आणि मी पाळकांना तसं सुचवलं. त्यांनी लगेच बदललं. मला फार समाधान वाटलं होतं. पूर्वी तो गायनात खालचा सूर धरायचा, बस चालवायचा, आणि त्याचा आवाज इतका भरदार होता की गीत संपल्यावरही बाकाच्या लाकडात तो थोडा वेळ शिल्लक आहे असं हाताला लागायचं. मग अर्धांगाचा झटका आला. मग तो येईनासा झाला आणि वाक्य आलं. मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. कुणी गेलं होतं का? गेलं असेल. मला कसं कळणार, मी कुणाशी बोलत नाही. मला तिचा राग येऊ लागला. फाटकापाशी, लोकांच्या गर्दीत, इतकं महत्त्वाचं काही सांगायचं असतं का? मला, त्या सगळ्या माणसांत मलाच, बहिऱ्याला? मग त्या यंत्राचा राग आला, मग त्या डॉक्टरांचा, मग पाळकांचा, आणि शेवटी, सगळे संपल्यावर, नेहमीप्रमाणे मी उरलो. मी कानातलं पुन्हा काढलं. शांत झालं. त्या शांततेचाही मला राग आला, म्हणून मी ते परत घातलं. धाकटी स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम आपटत होती.

"गेलास का?" तिनं आतून विचारलं.

"आधी पाळकांना विचारतो. ते फाटकापाशीच उभे होते. त्यांनी ऐकलं असेल."

"म्हणजे बाईचं घर सोडून आधी सगळं गाव पालथं घालणार. घाल बाबा."

पाळक देवळाच्या बाजूच्या खोलीत स्टुलावर चढून ध्वनिक्षेपकाच्या तारा सोडवत होते. तरुण माणूस आहे, उत्साही, बाह्या कायम वर केलेल्या. मला आजोबा म्हणतो, ते मला आवडत नाही, पण मी कधी सांगितलेलं नाही.

"या आजोबा! बघा ना, आज निम्म्या संदेशाला खरखर होती. तुम्हाला जाणवली?"

"मला नाही जाणवली," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. मग घसा साफ करून विचारलं, "ती शिवणकामवाली बाई आज फाटकापाशी माझ्याशी बोलत होती. तुम्ही जवळच होता. काय म्हणाली ते कानावर आलं का तुमच्या?"

"फाटकापाशी? अहो, तिथे मी हात मिळवत असतो! एकाचा हात हातात, दुसऱ्याचं नाव आठवतोय, तिसरा छत्री विसरलाय. पण का, तुम्हाला नाही आलं?"

"माझं कानातलं खिशात होतं. तुम्ही म्हणालात ना, लक्ष विचलित करतं ते बाजूला काढून ठेवा. म्हणून काढलं."

ते स्टुलावरून खाली वाकून माझ्याकडे बघू लागले. हातात पक्कड तशीच. "कधी काढलं?"

"तेव्हाच. त्या वाक्याला."

"पुढचं अर्धं ऐकण्याआधी?"

"पुढे अर्धं होतं?"

"आजोबा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा हसू आवरताना होतो तसा झाला, "मी म्हटलं, बाजूला काढून ठेवा, म्हणजे शेजारच्या माणसाला काय हवंय ते ऐकू येईल. पुढचा सगळा वेळ मी त्यावरच बोलत होतो. माणसं कशी समोरच्याचं ऐकत नाहीत, यावर." मग ते खरंच हसले, मोकळेपणानं, वाईट हेतूनं नाही. "हे मला पुढच्या संदेशात सांगू द्याल का? नाव नाही घेणार."

माझी कुणीतरी भर रस्त्यात टोपी उडवल्यासारखं मला झालं. मी म्हणालो, "ती काय म्हणाली असेल?"

"प्रार्थनेचंच असणार. आपण करतोच आहोत की. जरा ती निळी वायर देता का वर?"

मी वायर दिली. वर हात करून ती धरली असताना मला एक गोष्ट उगीचच लक्षात आली, की ते फार थकलेले दिसत होते आणि त्यांच्या डब्यातलं जेवण तसंच पडलं होतं, झाकण अर्धवट उघडून. मला वाटलं, विचारावं, जेवलात का. पण मला अजून तिचे हलणारे ओठच दिसत होते, आणि ते तर परत तारेत गुंतले होते. मी बाहेर पडलो. दाराबाहेर येऊन पुन्हा आत डोकावलो आणि म्हणालो, "डबा गार होतोय." ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "डबा." ते म्हणाले, "हो, नक्की!" आणि मान हलवली.

तिचं घर वरच्या मजल्यावर आहे, खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. जिना अरुंद, कठडा हाताला चिकटणारा. वर जाताना मी उत्तरं तयार करत होतो. सगळ्यात सोपं हे होतं की दार उघडलं की म्हणायचं, "आलो, बोलल्याप्रमाणे," आणि मग तीच काय ते बोलेल, त्यावरून अंदाज घ्यायचा. असा अंदाज घेण्यात माझी हयात गेली आहे. माणसं बोलत असतात, मी त्यांच्या भुवया बघत असतो, हसायच्या जागी हसतो, अरेरेच्या जागी अरेरे म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते जमून जातं. इतकं जमतं की माझा मला प्रश्न पडतो, बोलणाऱ्यांना तरी ऐकणारा हवा असतो का. मजला चढता चढता शिवणयंत्राचा आवाज येऊ लागला, एक लांब धाव, थांबणं, पुन्हा धाव. मी दारावर थाप मारली. आवाज थांबला नाही. पुन्हा मारली. मग तिनंच दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी, दंडाला दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. ती पन्नाशी ओलांडलेली असावी. देवळात ती कायम माझ्या मागे असल्यामुळे, सकाळचं फाटक सोडलं तर, तिचा चेहरा असा समोरून, इतक्या जवळून, मी कधी पाहिलाच नव्हता. डोळ्यांखाली काळं होतं.

"काका, तुम्ही?"

"आलो," मी म्हणालो. "बोलल्या—" आणि मला ते पुढे रेटता येईना. "मी ऐकलंच नव्हतं. सकाळी. माझं कानातलं खिशात होतं. मी उगीच हो म्हणालो."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की तुम्हाला ऐकू येत नव्हतं." तिनं दार पुरतं उघडलं, पण बाजूला झाली नाही. "काका, मी तुमच्या मागच्या बाकावर बसते. दर रविवारी मला तुमचा कान दिसतो. दुसरं दिसतं काय तिथून? आज पाळकांनी ते बाजूला ठेवायचं म्हटलं आणि तुम्ही कानातलंच काढून ठेवलंत. मला इतकं हसू आलं की मी रुमाल तोंडात कोंबला."

"मग तुम्ही मला कशाला सांगितलंत?"

"ऐकू येत नव्हतं म्हणूनच सांगितलं."

शरमेनं अंग तापलं, आणि त्याबरोबर, हे लिहायला संकोच वाटतो, पण थोडं सुटल्यासारखंही झालं. म्हणजे कुणी माझ्या भरवशावर बसलं नव्हतं. मी कुणाला फसवलं नव्हतं. आता "बरं तर" म्हणून जिना उतरता आला असता, अंधार पडायच्या आत घरी, खिडकीपाशी, पान तिथेच उघडं होतं. आतून एक आवाज आला, घशातून, ओढलेला. तिनं मान वळवली नाही. तो आवाज पुन्हा आला आणि तेव्हाही तिनं मान वळवली नाही, फक्त दाराची कडी घट्ट धरली, आणि ते मला दिसलं.

"आता घातलंय," मी कानाकडे बोट करून म्हणालो. "आता सांगा."

"जाऊ द्या हो."

"सांगा."

"तुम्ही आता प्रार्थना करतो म्हणाल."

"नाही म्हणणार."

ती आत वळली आणि मी तिच्या मागोमाग गेलो. पहिल्या खोलीत शिवणयंत्र, वर अर्धवट शिवलेले पडदे, कुणाच्या तरी मोठ्या खिडकीचे, जमिनीवर घड्या घालून पडलेले. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. ती यंत्रापुढे बसली आणि सवयीनं कापड सुईखाली सरकवून पाय पट्टीवर ठेवला, आणि बोलू लागली, आणि यंत्र सुरू झालं. तिचे ओठ हलत होते. माझ्या कानात फक्त ती धाव होती, लोखंडी, सगळं व्यापून टाकणारी. ती पुन्हा तसंच करत होती. मी दोन पावलं पुढे गेलो आणि यंत्राच्या चाकावर तळहात ठेवला. चाक माझ्या कातडीला घासत फिरलं आणि थांबलं. कुणाच्या कामाच्या वस्तूला न विचारता हात लावण्याची माझी ही पहिलीच वेळ असावी.

"परत सांगा," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

तिनं चाकावरच्या माझ्या हाताकडे बघत सांगितलं. "मी म्हटलं, रोज सकाळी याचं अंग पुसताना मला वाटतं, आज संपावं हे. त्याचं म्हणा, माझं म्हणा, कुणाचंही. मी म्हटलं, काल दुपारी त्यानं हाक मारली आणि मला ऐकू आली. मी मशीन चालवत राहिले. मला ऐकू आलं नाही असं त्याला वाटावं म्हणून. तो हाका मारून मारून दमला तरी चालवत राहिले. दोरा संपला होता काका, मी नुसतीच सुई चालवत होते." आतून पुन्हा तो आवाज आला. "आणि मी म्हटलं, दर रविवारी सगळे त्याला बरं कर म्हणतात. तो बरा होणार नाही. मला कुणीतरी एक तास द्या, कुणीतरी इथे बसा, मी नुसती पुलापर्यंत जाऊन येईन. तिथे उभी राहीन. बाकी काही नको. तर तुम्ही म्हणालात, हो, नक्की, प्रार्थना करतो." ती हसली, मग तिनं मोजपट्टीचं टोक तोंडावर धरलं. "घरी येईपर्यंत हसत होते मी."

माझ्याजवळ एवढी वाक्यं आहेत, जन्मभर साफ करून ठेवलेली, त्यातलं एकही तिथे ठेवता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "मी बसतो. तुम्ही जा."

"तुम्हाला नाही जमायचं. तो काय बोलतो ते दोन कान असलेल्यालाही कळत नाही."

"मग आमचं जमेल."

"चिडतो तो. वस्तू फेकतो."

"जा तुम्ही."

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मोजपट्टी गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. चपलांपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एकटी कुठे जायचं म्हटलं की काही सुचतच नाही आता."

"पुलापर्यंत."

"हो. पुलापर्यंत." ती जिन्यावर गेली. मी कानातल्याचा आवाज मोठा केला, ते शिटी वाजवल्यासारखं किंचाळलं, मग स्थिरावलं, आणि मला तिची पावलं ऐकू आली: पहिल्या पायऱ्यांवर सावकाश, वळणावर थबकलेली, आणि मग भराभरा, जवळजवळ धावत.

आतल्या खोलीत औषधाचा आणि उबट कापडाचा वास होता. तो भिंतीला टेकवून ठेवलेल्या उशांवर होता, तोंडाची एक बाजू ओघळलेली, डोळे मात्र तेच, बाक हादरवणाऱ्या माणसाचे. मला बघून ते डोळे दाराकडे गेले, पुन्हा माझ्याकडे आले. मी खुर्चीवर बसलो. कोटाच्या खिशात दुसरं एक पुस्तक होतं. मी कुठेही पुस्तकाशिवाय जात नाही. बसताना ते मांडीला टोचलं आणि हात आपोआप तिकडे गेला. मी कोटच काढला आणि बाहेरच्या खोलीत पडद्यांवर ठेवून आलो. माझ्या मनात एक जुनी शंका परत आली. प्रभू रस्त्यात थांबून माणसांना विचारायचा, तुला माझ्याकडून काय हवं आहे. लहानपणापासून हे प्रसंग मी वाचत आलो आहे आणि मला ते वाक्य नेहमी जादा वाटत आलं आहे. समोर आंधळा उभा असताना काय हवं म्हणून विचारायचं? त्याला तर ठाऊकच असणार. माझ्या हातात असतं तर मी ते तिथे काढून टाकलं असतं, समासात खूण करून.

तो बोलला. एक लांब, ओला, कडा नसलेला आवाज, त्यात दोनतीन ठिकाणी जिभेनं काहीतरी पकडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. माझी मान हलू लागली. मला ती हललेली जाणवली, मानेच्या मागची ती शीर, जन्मभराची. चेहऱ्यावर तो भावही येऊ लागला होता. मी मान तिथेच धरली, अर्ध्यावर, वेडावाकडा दिसत असेन.

"कळलं नाही," मी म्हणालो. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं तोंड फिरवलं आणि पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मी ते माझ्या रुमालानं टिपलं, सकाळी ज्यात कानातलं पुसलं होतं त्यानं. उशी सरळ केली, तेही नव्हतं. खिडकी लावली. तो ओरडला. खिडकी उघडली. पांघरूण काढलं, पांघरूण घातलं. त्यानं चालत्या हातानं पलंगाच्या कडेवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि कानात तो आवाज असा घुसला की मला यंत्र काढून फेकावंसं वाटलं. मला त्याचा राग आला, अगदी खरा राग, आजारी बंधूचा येऊ नये तसा. एवढं साधं असेल काहीतरी! दोन अक्षरं असतील! आणि त्याच्या डोळ्यांतही माझ्याबद्दल तेच होतं. आम्ही दोघे म्हातारे एकमेकांकडे दात खाऊन बघत होतो. मला वाटलं, ती पुलावर पोचली असेल का. नसेल. खाली सायकलवाल्यानं घंटी वाजवून बघितली. आता नुसतं हो हो म्हटलं तर तो थकून गप्प होईल, हे मला माहीत होतं. असे थकून गप्प झालेले बरेच जण मी बघितले आहेत, आणि त्यांना समाधान झालं असं समजत आलो आहे.

मी खुर्ची पलंगाला भिडेपर्यंत पुढे ओढली. डावा कान त्याच्या तोंडाशी नेला, इतका जवळ की त्याचा श्वास यंत्रात वाऱ्यासारखा वाजला.

"पाणी नाही," मी म्हणालो. "उशी नाही. खिडकी नाही. परत म्हणा."

त्यानं श्वास घेतला आणि परत म्हटलं. मला कळलं नाही.

"परत म्हणा," मी म्हणालो.